सहकार : सभेतला आणि वावरातला



आज फवारणीबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे सहकाराबद्दल. हा शब्द आपण व्यासपीठावरून पुष्कळ ऐकतो. पण सहकार खरा की नावापुरता, हे व्यासपीठावर ठरत नाही. ते ठरतं वजनकाट्यावर, पावतीवर आणि पैसे कोणत्या दिवशी हातात पडतात त्यावर.

तशी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. नांगरणी अडली की शेजारीपाजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन एकाच्या वावरात उतरत. कुठे याला सावड म्हणतात, कुठे इर्जिक. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. नियम कागदावर नव्हता, पण हिशेब साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून तो टिकला.

पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि नागपुरात लहानाचे मोठे झालेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे सहकाराचं मूळ तत्त्व. २००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्या निघू लागल्या. शेतकरी स्वतः सभासद असतील, तर तिथेही एका सभासदाला एकच मत आहे.

तत्त्व चांगलं, कायदाही आहे. मग गाडं अडतं कुठे?

समजा, काटोल-नरखेडकडे चाळीस संत्रा बागायतदारांचा गट आहे. सभेत एकमताने ठरलं की, आंबिया बहाराची फळं एकत्र तोडायची, प्रतवारी करायची आणि एकत्र विकायची. तोडणीच्या तोंडावर व्यापारी धुऱ्यावर येऊन उभा राहतो. झाडावरचा माल उक्ता मागतो आणि नोटा पुढे करतो. एका सभासदाला मुलीची फी भरायची असते. तो बगीचा देऊन टाकतो. पुढच्या सभेत सारे त्याला फितूर म्हणतात.

मंडळी, तो फितूर नाही. त्याला पैसे आज पाहिजेत आणि गट म्हणतो महिन्याने देऊ. निष्ठेवर कितीही भाषणं दिली, तरी त्यातून फी भरली जात नाही. माणसाने साधुसंत झालं तरच चालेल असा नियम केला, तर तो पहिल्याच हंगामात मोडतो. म्हणून नियम गरज ओळखून करावा. माल आला त्याच दिवशी काही रक्कम द्यावी, उरलेली विक्रीनंतर. त्यासाठी दर विक्रीतून थोडा पैसा राखीव ठेवावा.

दुसरी गोष्ट निर्णयाची. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आधी अभ्यासगट बसतो. तिथे फक्त विषय समजून घ्यायचा, निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, बायामाणसांसह सगळ्यांनी मिळून करायचा. वेळ लागतो हे खरं. पण जो निर्णय सगळ्यांचा असतो, तो मागाहून मोडायला कोणी धजत नाही. या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ साली गावाने ग्रामदानाची वाट धरली. तुम्ही म्हणाल, ते जंगलातलं गाव, आमची बागायत वेगळी. बरोबर आहे. जमीन वेगळी, पीक वेगळं, पण आधी समजून घेणं आणि मग ठरवणं ही रीत कुठेही चालते.

तेव्हा आपल्या गटात, सोसायटीत एवढं करून पाहा :

१. काटा सगळ्यांसमोर लावा. वजनाची पावती तिथल्या तिथे द्या.

२. जमाखर्च महिन्यातून एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही तो ऐकण्याचा हक्क आहे.

३. सभेची वेळ बायांना विचारून ठरवा. चुलीच्या वेळी सभा ठेवली तर वावरात राबणारे निम्मे हात बाहेर राहतात.

४. सचिव, काट्यावरचा माणूस आणि पैसे सांभाळणारा ही कामं आळीपाळीने द्या. एकाच घरात किल्ली राहू देऊ नका.

५. वार्षिक सभा चुकवू नका. सहकारी संस्थेला ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे गप्प बसलेला सभासद वर्षभर तक्रार करत राहतो.

शेवटी एक अवघड गोष्ट. फळं तोडणारा मजूर आपल्या गटाचा सभासद नसतो. त्याची मजुरी थकवून आपण आपसात नफा वाटला, तर तो मालकांपुरता सहकार झाला. मजुरीचा दर हंगामाआधी ठरवा आणि आठवड्याच्या आठवड्याला चुकती करा.

येत्या हंगामाआधी गटाची एक बैठक बोलवा. भाषण कोणी करू नका. फक्त हिशेबाची वही मधोमध उघडून ठेवा आणि बोलायला लागा.

रामराम!