पुरे कधी म्हणायचं?

धंद्यासाठी नवीन काही शिका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. शिकणं थांबवून पुढे कधी सरकायचं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. आज त्याबद्दल थोडं बोलू.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते, तेही वडिलांच्या मनाविरुद्ध. दोनेक वर्षांनी कळलं, की काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यांनी रंग सोडले, पण यांत्रिक रेखाटन धरून ठेवलं. त्याच जोरावर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचा धंदा झाला. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवायची! मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर.

हे वाचून कुणी म्हणेल, धरसोड केली. तसं नाही. तो नांगर दोन वर्षं खपत नव्हता. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. तरी लक्ष्मणराव नांगराला चिकटून राहिले. रंगांची अडचण डोळ्यांतच होती, कितीही सराव केला तरी ती हटणार नव्हती. नांगराची अडचण गिऱ्हाइकाच्या मनात होती आणि मन वळवता येतं. १९१० साली त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली, त्यात या नांगराचा मोठा वाटा होता.

आता आजचं पाहू. घरगुती मसाल्यांचा धंदा करणाऱ्या एखाद्या ताई टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला लागतात. प्राथमिक वर्ग होतो, मग पुढचा, मग त्याच्याही पुढचा. प्रमाणपत्रांची फाइल जाड होते आणि दुकानदारांकडची उधारी तशीच राहते. माझ्या मते टॅलीची परीक्षा एकच. हिशेबनिसानं एखादं खरेदीचं बिल विक्रीत टाकलं, तर ते तुमच्या नजरेला खटकतं का? खटकत असेल तर तुमचं टॅली शिकून झालं. जीएसटीची मासिक विवरणपत्रं, म्हणजे ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, खुशाल त्याला भरू द्या. आकडे वाचून मगच हो म्हणा, एवढं पुरे.

किंमत काढणं मात्र कुणावर सोपवू नका. समजा, १० किलो मिरची २५० रुपये भावानं घेतली. देठ खुडले, उन्हात वाळवली, डंकावर कुटली आणि हातात ९ किलो तिखट आलं. म्हणजे नुसत्या मिरचीचाच भाव किलोला २७८ रुपयांच्या घरात गेला. अजून डंकाची मजुरी, पिशव्या, लेबल आणि तुमची स्वतःची मेहनत धरलेलीच नाही. पुष्कळजणी २५०वरच हिशेब मांडतात आणि विक्री वाढूनही पैसा का दिसत नाही, म्हणून पुन्हा मार्केटिंगच्या वर्गाला जातात. तो वर्ग वाईट नसतो, पण ती वेळ त्याची नसते.

तेव्हा नवीन वर्गाची फी भरण्याआधी एक करा. गेल्या महिन्याची बिलं घेऊन बसा आणि तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालाची खरी किंमत कुणालाही न विचारता कागदावर काढा. जमली, तर फी जरूर भरा. नाही जमली, तर फी राहू द्या आणि आधी तो कागद पुरा करा.