वाचून, समजून, राजीखुशीने



अमळनेरने 1952 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव घातला. त्या मांडवात आपल्या दस्तलेखकांच्या मराठीला कोणी बोलावले नाही, आणि ते ठीकच झाले. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘चतुःसीमा येणेप्रमाणे’ ही काही रसिकांची भाषा नव्हे. पण माणूस आयुष्यभराची शिल्लक या भाषेच्या भरवशावर टाकतो. आणि या भाषेतले सर्वांत खोटे वाक्य आपण रोज लिहितो: ‘सदरचा दस्त वाचून, समजून, राजीखुशीने, नशापाणी न करता लिहून दिला असे.’ नशापाणी नसते, हे खरे. समजलेले असते का, एवढेच मला आज विचारायचे आहे.

कागद जपावा हे या गावाला सांगायला नको. 1945 साली इथे सुरू झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचे, म्हणजे आजच्या विप्रोचे शेअर ज्यांच्या ट्रंकेत राहिले, त्यांच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. जमिनीचा कागद मात्र नुसता जपून भागत नाही.

शेतकरी सातबारा पुढे करतो आणि विचारतो, “वावर मना नावे शे ना?” नाव असते. पण सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकेच. मालकी येते ती खरेदीखताने, वारसाने, वाटपाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. म्हणून मी नाव नंतर वाचतो. आधी उजवीकडचा ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना वाचतो. विकासोचा, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा, बोजा तिथे असतो. ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’ हा शेराही तिथेच. आजोबा कूळ होते, 1948 च्या कूळकायद्याने जमीन त्यांची झाली, पण विकायला परवानगी लागते, असा त्याचा अर्थ. 2014 च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या 40 पट रक्कम भरून ही अट सुटते. आकार पाच रुपये असेल, तर भरायचे दोनशे. ते न भरता लाखांचे सौदे होतात आणि मग फेरफार अडकतो.

आपल्याकडे सौदा पावतीवर फार विश्वास. पाचशेचा स्टँप, नोटरीचा शिक्का, चहा, की ‘प्लॉट घेतला’ असे सोयऱ्यांना कळवून मोकळे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 54 सांगते, की विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. असा करार म्हणजे साठेखत; ते नोंदवले तरी खरेदीखत करून मागण्याचा अधिकार देते, आणि तो अधिकार बजावण्यासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केले. तरी ते घेऊन घर बांधणारे आपल्या टेबलासमोर बसतातच.

पण मला सर्वांत जास्त टोचतो तो हक्कसोडीचा दस्त. आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके झाले, पुरणपोळी झाली, की भाऊ म्हणतो, “ताई, उद्या तहसीलकडे जाऊन येऊ, फक्त नाव कमी करायचे आहे.” ताई सही करते, कारण माहेर तुटू द्यायचे नसते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही 2020 मध्ये ठरले. हक्क सोडायचा की नाही, हा तिचा प्रश्न. प्रेमाने सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र म्हणजे ‘नाव कमी करणे’ नव्हे. तो वाटा तिच्या मुलाबाळांकडूनही गेला, हे दस्त वाचून दाखवणाऱ्याने तिच्याकडे बघून, भावाला बाहेर बसवून सांगितले पाहिजे. आपण भावाच्या पैशाने दस्त लिहितो, म्हणून तिच्याकडे बघत नाही.

इथे आलेल्या बँकेच्या मित्रांनाही सोडणार नाही. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के, वीस वर्षे: हप्ता सुमारे 17,995 रुपये. पहिल्या हप्त्यातले 15,000 व्याजात जातात, मुद्दल फिटते तीन हजारांच्या आत. शेवटपर्यंत भरणा होतो 43 लाखांच्या पुढे. तरत्या दराने व्याज वाढले, की बऱ्याचदा हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते. ग्राहक हप्ता पाहून निवांत असतो. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. किती शाखा तो आपणहून सांगतात?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक दस्तावर एक साधे पान लावा: क्षेत्र किती, बोजा कोणाचा, कोणती परवानगी बाकी, ताबा कधी, आणि आजच्या सहीने मालकी मिळते की नाही. गरज पडली तर अहिराणीत सांगा. एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, “एवढे समजावले तर सौदे मोडतील.” मोडू द्या. समजल्यावर मोडणारा सौदा पुढे कोर्टातच येणार असतो, आणि तिथली फी तर आपल्यातलेच कोणी घेणार आहे.

त्या पानाचा मसुदा मी आणला आहे. दुपारच्या सत्रात तो हवा तसा खोडा, पण एका पानापेक्षा मोठा होऊ देऊ नका.