तारखांचा फेरफार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पाटस येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



संगणकाची स्तुती आपण पुष्कळ ऐकतो. मी आज एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहे : एखाद्या मोठ्या कामाच्या टप्प्यांच्या तारखा संगणकात कशा मांडाव्यात?

उदाहरण दारातलेच घेऊ. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग महामार्ग म्हणून आपल्या पाटसपासून सुरू होतो आणि तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर जातो. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पण अशा रस्त्याची पहिली तारीख पायाभरणीची नसते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे भूसंपादनासाठी कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात येते. तेव्हापासून २१ दिवसांत हरकत नोंदवावी लागते. एका वर्षात ३-ड ची घोषणा झाली नाही, तर मूळ अधिसूचनाच निष्प्रभ होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ तेवढा वगळतात. पुढे मोबदल्याचा निवाडा, मग ताबा. ज्याच्या गटातून रस्ता जातो, त्याला तारखेची किंमत सांगावी लागत नाही.

नवशिका विद्यार्थी काय करतो? एका कामाला एक ओळ धरतो आणि अधिसूचना, घोषणा, निवाडा, ताबा असे रकाने आडवे वाढवीत जातो. उद्या एक टप्पा वाढला, की सगळा तक्ता मोडा! त्यापेक्षा तीन तक्ते करावेत. पहिल्यात कामे, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्यात टप्पे, एका टप्प्याला एक ओळ : कामाचा क्रमांक, गट क्रमांक, टप्प्याचे नाव, ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख. गट क्रमांक अशासाठी, की प्रत्येक गटाचा ताबा एकाच दिवशी होत नाही. टप्पा पुरा झाला नसेल तर प्रत्यक्ष तारखेचा रकाना कोराच ठेवावा. तेथे शून्य किंवा मनाची तारीख घालू नये. आणि २१ दिवसांची अखेर वेगळी लिहू नये, ती अधिसूचनेच्या तारखेवरून संगणकाने काढावी. तक्त्यांची नाती जोडण्याची ही रीत १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी मांडली.

तिसरा तक्ता सर्वांत मोलाचा, आणि बहुधा तोच कोणी करीत नाही. मुदत वाढली की जुनी तारीख पुसून नवी लिहितात. मग काम दोन वर्षे रखडले तरी कागदावर वेळेवर! आपल्या महसुली दप्तराची रीत अशी नाही. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो, फेरफाराचा क्रमांक पडतो, आणि बदल कशामुळे झाला ते गाव नमुना ६ मध्ये सापडते. तारखांचाही तसाच फेरफार ठेवावा : कोणता टप्पा, जुनी तारीख, नवी तारीख, कारण, कोणी बदलली व केव्हा.

तारखेचा रकाना संगणकाला तारखेचाच म्हणून सांगावा, मजकुराचा नव्हे. ३/४/२०२२ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. २०२२-०४-०३ असे वर्ष आधी लिहिले की क्रमही बरोबर लागतो. हा घोळ जुनाच आहे. हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे आलेल्या एका दस्तावर नुसता ‘शाबान’ महिना होता, कोणता शाबान, गेला की येणारा, असा प्रश्न पडला आणि त्यातून हिजरी सनाची गणना ठरली, असे परंपरेने सांगतात. मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याची सूरह बकरामधील आज्ञा तर आपणां सर्वांना ठाऊक आहे.

विद्यार्थी मित्रहो, एसक्यूलाइट हे साधन फुकट मिळते. घरचे बांधकाम चालू असेल तर पाया, जोते, स्लॅब यांच्या तारखांवर हे तीन तक्ते करून पाहा. मिस्त्रीने तारीख पुढे ढकलली, की तिसऱ्या तक्त्यात एक ओळ घाला. कारणाचा रकाना मात्र त्याच्यासमोर बसून भरा.