अनुभव नाही, मग नोकरी कशी?



भोरच्या एसटीतून मी स्वारगेटला उतरले, तेव्हा पिशवीत बी.एस्सी.ची गुणपत्रिका होती आणि आईनं बचत गटातून उचललेले वीस हजार. ‘सायबर सिक्युरिटी शिका, नोकरीची हमी’ अशी जाहिरात पाहून आले होते. पैसे भरले. तीन आठवडे वर्ग झाला, मग एके दिवशी दाराला कुलूप. हप्ते आईनं खुरपणीच्या मजुरीतून फेडले. चोर ओळखायला शिकायला निघाले, ती पहिल्या चोरालाच सापडले!

आज मी हीच नोकरी करते. ती कशी मिळाली, ते सांगते.

आधी काम काय ते ऐका. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. ‘पैसे देऊ का?’ हा एटीएमचा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता. चोरांनी मध्येच घुसवलेली खोटी यंत्रणा ‘द्या’ म्हणत होती. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी! म्हणून सुट्टीच्या दिवशी, रात्रीसुद्धा कुणीतरी जागं राहून पाहावं लागतं. शेताची राखण असते ना, तसंच.

नवख्या मुलीला हेच राखणीचं काम मिळतं. पडद्यावर इशारे येतात. समजा, रात्री दोन वाजता एका कारकुनाचा पासवर्ड चाळीस वेळा चुकला आणि एक्केचाळिसाव्या वेळी बरोबर आला. हा विसरभोळा कारकून की चोर? नोंदी तपासायच्या, नीट लिहायचं आणि वरिष्ठांना कळवायचं.

कुलूप पाहून परत आले, तेव्हा जुना लॅपटॉप घेतला. ‘स्वयम’वरची एनपीटीईएलची व्याख्यानं मोफत असतात, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला. सिस्को नेटवर्किंग अकादमीचा प्राथमिक कोर्सही मोफत आहे. इंग्रजी अडायचं, तेव्हा शब्द वहीत उतरवले. एक संगणक दुसऱ्याशी कसा बोलतो, लिनक्स कसं चालतं, नोंदी कशा वाचायच्या, एवढं आधी पक्कं केलं.

पण अनुभव? तो गटातल्या बायकांनीच दिला. कुणाला ‘वीज तोडणार’ असा मेसेज यायचा, कुणाला ‘केवायसी करा’. मी लिंक उघडत नव्हते. पत्त्यातलं एकेक अक्षर पाहायचे आणि खोटं कशावरून ओळखलं ते वहीत लिहायचे. अशा चाळीस नोंदी झाल्या. तेविसाव्या अर्जाला मुलाखतीचं बोलावणं आलं. “अनुभव?” साहेबांनी विचारलं. मी वही पुढे ठेवली. त्यांनी पाच पानं वाचली, मग प्रश्न विचारले. माझ्या प्रमाणपत्राकडे कुणी पाहिलंही नाही.

मुलींनो, थेट हे काम मिळालं नाही, तर आधी संगणक दुरुस्ती किंवा हेल्पडेस्कचं काम धरा. तिथूनही वाट निघते. सराव मात्र स्वतःच्या संगणकावरच करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात वाईट हेतूनं शिरलात, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि आयांनो, या कामात रात्रपाळी असते. बाईच्या संमतीशिवाय रात्री काम देता येत नाही, आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकानं करायची असते. रुजू होण्याआधी लेकीला हे विचारायला सांगा. नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर उठून या. फसगत झालीच, तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक वही ठेवा. आलेला प्रत्येक खोटा मेसेज त्यात लिहा. गावातली एखादी शिकलेली पोर ती वही सांभाळेल. तिचा अनुभव तिथूनच सुरू होईल.

माझ्या आईचं कर्ज फिटलं. गटाची वही अजून चालू आहे.