साखर, पेशी आणि पंक्तीतील आग्रह

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भोजनाच्या पंक्ती बसण्यापूर्वीच मी साखरेविषयी बोलावे, हे काहींना रसभंगाचे वाटेल. मी वैद्य नव्हे. मुले शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक सामान्य शिक्षक आहे. तथापि घरात जे पाहिले आणि त्यानंतर जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवणे मी कर्तव्य मानतो.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, हे त्या पेशींचे एक प्रमुख इंधन होय. रक्तातील तांबड्या पेशी तर केवळ तिच्यावरच जगतात. म्हणून शर्करेस शत्रू म्हणणे योग्य नव्हे. परंतु प्रमाण पाहा! निरोगी प्रौढ माणूस उपाशीपोटी असता त्याच्या साऱ्या रक्तात मिळून ती सुमारे एक चहाचा चमचा भरेल एवढीच असते. ती पोळी-भातातूनही मिळते.

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ही शर्करा स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत पोहोचविते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी त्यासंबंधीचे प्रयोग यशस्वी केले आणि लक्षावधी रुग्णांना जीवदान मिळाले. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा पेशी त्यास दाद देत नाहीत, आणि शर्करा रक्तात साचते. डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांतील पेशींना तिचा लोंढा अडविता येत नाही. म्हणून तेथे हानी होते. ती हिमोग्लोबिनलाही चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने एकाच तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. आदल्या दिवशी पथ्य करून डॉक्टरांना फसविता येत नाही!

माझे थोरले बंधू मधुमेही होते. यजमानाचे मन मोडू नये म्हणून ते पंक्तीत 'नको' म्हणत नसत. आणि आग्रह करकरून त्यांच्या पानात जिलबी वाढणारा मीच असे. त्यांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तो अशक्तपणा समजून आम्ही शक्तिवर्धक भुकटीचे डबे आणले. डब्यावरील घटकांची यादी कोणी वाचली नाही. तीत साखर दुसऱ्याच क्रमांकावर होती. पुढे जखम चिघळून त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्या वेळच्या तपासणीत ब-१२ जीवनसत्त्वही फार कमी आढळले.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. ब-१२ हे धान्य-भाज्यांत नसते. दूध-दह्यातून थोडे मिळते. शाकाहारी, वृद्ध आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे यांच्यात ते कमी पडण्याचा संभव असतो. तपासणीत उणीव दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध अवश्य घ्यावे. परंतु उणीव नसता गोळ्या गिळणे हे शहाणपण नव्हे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निष्कर्ष आला की, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता उलट वाढला! गाजर खाणे निराळे आणि गोळी घेणे निराळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून मिळणारी साखर एकूण उष्मांकांच्या दशांशाहून कमी असावी. म्हणजे साधारण ५० ग्रॅमच्या आत. २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक हितकर. गूळ व मधही याच हिशेबात येतात. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा घेतले की ही खालची मर्यादा ओलांडली जाते. पक्वान्न पुढेच राहिले!

सणासुदीची पुरणपोळी सोडा, असे मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच की, आपल्या ज्ञातीच्या पंक्तीत यापुढे गोडाचा आग्रह नसावा. कोणी हात आडवा धरला, तर वाढप्याने मुकाट्याने पुढे जावे. बिनसाखरेचा चहा मागणाऱ्यास कारण विचारू नये. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे.

माझ्या बंधूंच्या पानात वाढलेली जिलबी मला परत उचलता येणार नाही. आपण मात्र आजच्याच पंक्तीपासून प्रारंभ करू शकता.