पट्ट्याच्या दोन पावलं पुढे

परवा एका शाळेने मला क्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभाला बोलावलं. ‘मुलांना खिलाडूवृत्तीवर दोन शब्द सांगा,’ म्हणाले. कवीचा आणि मैदानाचा काय संबंध, असं तुम्हालाही वाटेल. पण मंडळी, दहावीत असताना मी तालुक्याला ४ बाय १०० मीटर रिले धावलोय. आमचा संघ पहिला आला होता.

रिलेत बॅटन द्यायची ती आखलेल्या पट्ट्यातच. तेव्हा हा पट्टा २० मीटरचा असे. २०१७ मध्ये नियम बदलून तो ३० मीटरचा झाला. धावणाऱ्याचा पाय कुठे आहे ते पंच बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. पट्ट्याबाहेर हातात आली की अख्खा संघ बाद.

मी तिसरा धावणारा. उतावळेपणाने लवकर सुटलो. मागून मित्र ‘थांब, थांब’ ओरडत होता. बॅटन हातात पडली तेव्हा फक्कीची रेषा दोन पावलं मागे राहिली होती. धुळीत पंचांना ते दिसलं नसावं. शेजारी आपल्या बॅटनची वाट बघत उभ्या असलेल्या मुलाला मात्र दिसलं. त्याचा संघ दुसरा आला. शर्यत संपल्यावर त्याने येऊन माझ्याशी हात मिळवला. एक शब्द बोलला नाही.

सांगून टाकावं असं वाटलं. पण आमचा चौथा गडी अनवाणी धावला होता, आणि त्याला जन्मात पहिलं बक्षीस मिळत होतं. चूक माझी, आणि बक्षीस त्याचं जाणार! कारण खरं होतं. सोयीचंही होतं.

अब्बांनी ते प्रमाणपत्र शिलाई मशीनच्या वर टांगलं. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तिकडे बोट दाखवायचे. मी तेवढ्यात बाहेर सटकायचो.

डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधल्या बुर्लादा इथे एक क्रॉसकंट्री शर्यत झाली. सगळ्यांच्या पुढे असलेला केनियाचा आबेल मुताई शर्यत संपली असं समजून शेवटच्या रेषेच्या थोडं आधीच थबकला. मागून येणारा स्पेनचा इव्हान फर्नांडेझ अनाया सहज पुढे जाऊ शकला असता. तो गेला नाही. हाताने खुणावत त्याने मुताईलाच पुढे नेलं. मोठा माणूस. तरी मनात येतं, तो एकटा धावत होता. सोडलं ते त्याने स्वतःचं सोडलं. रिलेत चौघांचं असतं.

समारंभात मी हे सगळं सांगितलं. मुख्याध्यापक जरा अस्वस्थ झाले. त्यांना वेगळं भाषण अपेक्षित असावं. तेवढ्यात खो-खोच्या पोशाखातली एक मुलगी उभी राहिली.

“सर, मग त्या अनवाणी मुलालाच विचारायचं होतं ना.”

चाळीस वर्षं होत आली. हे मला सुचलं नव्हतं.