घर दोघांचे, बचतही दोघांची

(जबलपूर येथे रेल्वे कामगारांच्या कौटुंबिक सभेत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजच्या सभेला जोडीने यावे असे आम्ही मुद्दाम कळवले होते. कारण विषय घराचा आहे.

आपण क्वार्टरमध्ये राहतो, पण ते फुकट नाही. त्यासाठी आपण घरभाडे भत्ता सोडतो. जबलपूरसारख्या 'वाय' वर्गाच्या शहरात हा भत्ता जानेवारी २०२४ पासून मूळ पगाराच्या २० टक्के झाला. मूळ पगार ३०,००० असेल तर महिन्याला ६,००० रुपये. एवढे देऊनही निवृत्तीनंतर नेहमीच्या भाड्याने क्वार्टर चारच महिने ठेवता येते. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण असेल तर थोडी मुदत वाढते, तीही जादा भाड्याने. त्यापुढे दंडाचे भाडे, आणि ग्रॅच्युइटी अडकते ती वेगळीच. साठाव्या वर्षी घर शोधत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जुन्या कामगारांना पी. एफ.चा आधार होता. पगारातून आपोआप कापला जाई आणि घरासाठी काढता येई. १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्यांना तो नाही. नव्या पेन्शन योजनेतून घरासाठी स्वतःच्या वर्गणीपैकी फक्त २५ टक्के मिळतात. म्हणून तरुण जोडप्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनच बचतीला लागले पाहिजे.

हिशेब मांडू. घर २५ लाखांचे धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते. अडीच लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तोही आपलाच. पाच-सहा लाख हाताशी हवेत.

ते कोठून आणायचे? बाहेर राहिलो असतो तर घरमालकाला भाडे द्यावेच लागले असते. ते ६,००० बाजूला ठेवा. घरखर्चातून आणखी २,००० काढा. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा ८,००० भरले तर मुद्दलच ४ लाख ८० हजार होते, व्याज वेगळे. खाते दोघांच्या नावाने उघडा, आणि दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असेच उघडा. मग सणावाराला कोणा एकाला मोह झाला तरी ठेव मोडणार नाही.

रनिंग स्टाफला एक सांगणे. मायलेजवर कर्जाचा हप्ता ठरवू नका. आजारी पडलात, रजेवर गेलात की मायलेज घटते. हप्ता घटत नाही. हप्ता मूळ पगारावर बसवा, मायलेज बचतीत टाका.

नवरा-बायको दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर नोव्हेंबर २०१७ च्या नियमांप्रमाणे घरबांधणी अग्रिम दोघांनाही घेता येतो, एकत्र किंवा वेगवेगळा. पूर्वी एकालाच मिळे. मर्यादा ३४ महिन्यांचा मूळ पगार किंवा २५ लाख, यांत जे कमी असेल ते. नोकरी कायम नसेल तर मात्र ती सलग पाच वर्षे झालेली हवी. बिल्डरकडे जाणार असाल तर ध्यानात ठेवा : २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय तो किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. नुसत्या पावतीवर पैसे मोजू नका.

आता बंधूंसाठी शेवटचे. पगार तुमच्या नावावर येतो. पण तुम्ही रात्रपाळीला असता, लाईनवर असता, तेव्हा पीठ-मीठ, औषधपाणी, शाळेची फी भागवून जी माउली महिनाअखेर दोन हजार शिल्लक टाकते, तिची कमाई कोणत्या पगारपत्रकात लिहिली जाते? कोठेच नाही. ती घराच्या कागदावर लिहिली गेली पाहिजे. ठेव दोघांच्या नावाने आणि खरेदीखतही दोघांच्या नावाने, असा आमचा आग्रह आहे. आपण कामाच्या ठिकाणी बरोबरीचा हक्क मागतो. तो घरात आधी द्यावा लागेल.

ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांनी युनियनच्या कचेरीत यावे. जोडीने यावे.